गोलाच्या खांबाला कुंकू

सावित्रीबाईनं नागऱ्याच्या महादेवाला नवस बोलला तेव्हा मी दरेकशाच्या डोंगरात होतो, आमच्या बेटातल्या भावंडांमध्ये उभा. त्यामुळे तो नवस मी माझ्या कानांनी ऐकलेला नाही. पण पुढे तिनं तो इतक्या जणींना सांगितला, आणि सांगताना बहुतेक वेळा तिचा हात माझ्यावर टेकलेला असायचा, की आता तो मला तिच्याइतकाच पाठ झाला आहे.

मी एक बांबू आहे. कटंग जातीचा, जाड आणि गाठीगाठीचा. एरवी आमच्या जातीच्या नशिबी मांडव, गोठा नाही तर तिरडी असते. मला मात्र माणसांनी फुटबॉलच्या गोलाचा खांब केलं. सन छत्तीसच्या दिवाळीत मी जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी तो नवस सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

सावित्रीबाई म्हणजे फुलचूरच्या केशोरावांची बायको. पोवाराचं घर, धानाची मोठी शेती, दारात बैलजोड्या. त्यांचा मुलगा जागेश्वर लहान असताना तापानं पडला. ताप गेला, पण जाताना पोराच्या पायातलं बळ घेऊन गेला. उभं केलं की पाय मुडपायचे. वैद्य झाले, गोंदियाचा डॉक्टर झाला. केशोराव रोज सकाळी टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल, कोमट करून पोराचे पाय चोळत बसायचे. तोंडानं एक शब्द नाही. हात तेवढे चालत राहायचे.

श्रावणातल्या एका सोमवारी सावित्रीबाई अनवाणी नागऱ्याला गेली. लोक नवसाला नारळ बोलतात, अभिषेक बोलतात, पायाच्या दुखण्याला चांदीचे पाय बोलतात. तिच्याही मनात तेच होतं. पण पिंडीवर पाणी घालताना तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"महादेवा, चांदीचे पाय तुले काय कामाचे? माझ्या पोट्ट्याचे पाय त्याले वापस दे. मंग ते पाय जिकडे जातील तिकडे जाऊ दे. मी आडवी येणार नाही. माझ्या घरातलं कोनीबी आडवं येणार नाही."

बाजूला तिची जाऊ प्रेमिला उभी होती. ती घाबरली. "वो बाई, हे काय बोलून बसली तू? उद्या पोट्टा विहिरीवर जाईन, झाडावर चढीन. तवा काय करशीन?"

"तवा महादेव हाये न पाहाले," सावित्रीबाई म्हणाली.

दिवाळीपर्यंत पोरगा भिंत धरून उभा राहायला लागला. होळीला अंगणात पळाला. आणि मग ते पाय जे सुटले ते खरोखरच सगळीकडे गेले. चिंचेवर, तळ्यात, रेल्वेच्या पुलावर. दर वेळी सावित्रीबाई पदराचं टोक दातात धरायची आणि गप्प राहायची. देवाला शब्द दिला होता ना. नारळ एकदा फोडला की काम झालं. हा नवस तिला रोज फेडावा लागत होता.

मोठा झाल्यावर ते पाय नागपूरच्या एका कॉलेजात गेले, आणि तिथून फुटबॉलच्या मैदानावर. जागेश्वर कॉलेजच्या टीमचा गोलकीपर झाला.

त्या टीममधले निम्म्याहून जास्त गडी इकडचेच, गोंदियाच्या आसपासचे. त्यांचा कप्तान ईश्वरदास हा गोंदियाच्या कापडवाल्याचा मुलगा. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलणारा, सदा हसतमुख. त्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. आज या गावी, उद्या त्या गावी, अशी महिनाभर रांग लागते. लेकी माहेरी येतात, रात्री दंडारीचा नाच आणि सोंगं रंगतात, ऊस आणि शिंगाड्यांचे ढीग लागतात. ईश्वरदास म्हणाला, सुटी आहेच, आपण मंडई-मंडईत जाऊन खेळू. गावच्या पोरांनाही खेळवू. शेवटची मॅच फुलचूरच्या मंडईत, रेल्वेवाल्यांशी. नागपूरकडचे मित्रही मंडई पाहायला म्हणून सोबत आले. टीम तयार झाली.

पण खेड्यात गोलाचे खांब कुठून येणार? ते सोबतच न्यायला हवेत. म्हणून जागेश्वर आणि ईश्वरदास आगगाडीत बसून दरेकशाला आले आणि तिथं बांबू तोडणारा खुशाल त्यांना आमच्या बेटाशी घेऊन आला.

"मांडवाले पाहिजे का गा?" खुशालनं विचारलं.

"नाही. गोलाले."

"गोल म्हंजे?"

ईश्वरदासनं समजावलं. दोन खांब रोवायचे, वर दोरी बांधायची, आणि खांबांच्या मधून गेंद गेली पाहिजे. खुशालनं मान हलवली. "आन् हे भाऊ काय करतात?" त्यानं जागेश्वरकडे बोट दाखवलं.

"मी मधात उभा राहतो. गेंद जाऊ नाही देत."

खुशालनं कुऱ्हाड खाली ठेवली. "जायले पाहिजे म्हून खांब रोवता, आन् जाऊ नये म्हून मानूस उभा करता. शिकले-सवरले लोकं तुम्ही, तुमचं तुम्हाले ठाऊक."

हसत हसत त्यानं आम्हा चौघांना तोडलं. दुखलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दोघांनी आम्हाला खांद्यावर घेतलं तेव्हा गाणं म्हणत घेतलं. तिरडीच्या बांबूला कोणी गाणं म्हणत नेत नाही, एवढं मला तेव्हाही कळलं.

फुलचूरला पोचलो आणि ओसरीत आडवे पडलो तेव्हा घरात बोलणं चाललं होतं. मंडई-मंडईत फिरायला लागणारी गाडी आणि बैल केशोरावांचे. त्यांच्या परवानगीशिवाय चाक हलणार नव्हतं.

"मी तुले वकील व्हायले नागपूरले धाडलं," केशोराव म्हणाले, "गेंद झेलायले नाही. त्या पायायवर मी किती तेल जिरवलं हाये, ठाऊक हाये का? एकदा कोनाची लाथ बसली तं पुन्हा हातरुणात."

"बाबाजी, एवढी दिवाळी खेळू द्या."

केशोराव बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "ने गाडी. हाकायले शालीकरामलेबी ने. पन आपल्या मंडईत रेल्वेवाल्यायशी हरला, तं त्याच्यानंतर गेंदेले पाय लावायचा नाही. कबूल?"

"कबूल."

दाराआड सावित्रीबाई उभी होती. मुलगा आनंदानं बाहेर पळाला. ती मात्र हळूच पुढे आली. "अहो, तुम्ही त्याले असं बांधून कायले घेतलं? मी देवाले बोलून बसली हाये, या घरातलं कोनी त्याच्या पायायले आडवं येणार नाही म्हून."

"तू बोलली, मी नाही बोललो," केशोराव म्हणाले आणि पागोटं उचलून बाहेर गेले.

म्हणजे बघा कसा पेच पडला. पोरं हरली की जागेश्वरचा खेळ बंद. आणि खेळ बंद करणारा हात कोणाचा, तर तिच्याच घरातला, तिच्याच कुंकवाचा. पोराचे पाय देवानं वापस दिले होते. आता बदल्यात दिलेला तिचा शब्द मोडायला आला होता. त्या दिवसापासून ती संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना पुटपुटायला लागली, "जिंकू दे रे बापा पोट्ट्यायले."

मग आमची मंडई सुरू झाली. काय दिवस होते ते! शालीकराम हा केशोरावांचा जुना गडी गाडी हाकायचा. मागं आम्ही खांब, आमच्यावर पाय सोडून बसलेली कॉलेजची पोरं. रस्त्यानं धान कापणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून बघायच्या आणि विचारायच्या, "वरात कोनाची हाये गा?" ईश्वरदास उभा राहून सांगायचा, "दूल्हा पीछे बैठा है, मौसी," आणि जागेश्वरकडे बोट दाखवायचा.

गावाच्या आखरावर, जिथं सकाळी गुरं गोळा होतात, तिथं आम्हाला रोवायचे. शेणाचे पो उचलायचे, राखेनं रेघा मारायच्या. लोक पारावरून, झाडांवरून बघायचे. नागऱ्याला एका म्हाताऱ्यानं विचारलं, "या पोट्ट्यायले हात लावायची मनाई कायले हाये?" कोणी तरी म्हणालं, खेळाचा कायदाच तसा. म्हाताऱ्यानं जागेश्वरकडे पाहिलं. "मंग तो एकटाच कसा हातानं धरून राहिला?" शालीकराम गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तो आमच्या मालकाचा पोरगा हाये न." म्हाताऱ्याचं समाधान झालं. "असं म्हना. इथंबी तेच हाये."

मला त्या पोरांचं कौतुक वाटायचं ते निव्वळ खेळासाठी नव्हे. खेळ तर होताच. ईश्वरदासच्या अनवाणी पायाला चेंडू असा चिकटायचा जसा वासराला गाईचा वास. पण कामठ्याला गावच्या टीममध्ये गडी कमी पडले, तर यांनी आपले दोन त्यांच्याकडे दिले आणि त्या दोघांनी आपल्याच कप्तानाला जेरीस आणलं. आमगावला खेळ रंगात आला आणि गुरं परत यायची वेळ झाली. पोरांनी चेंडू उचलला, बाजूला उभी राहिली, सगळी गुरं मैदानातून शांतपणे जाऊ दिली, आणि मग पुन्हा सुरुवात केली. एका गाईनं मला घासून पाठ खाजवून घेतली. कोणी हाकललं नाही तिला.

आणि एक गोष्ट ते कधी चुकले नाहीत. खेळ संपला की आम्हाला काढून आमचे खड्डे मातीनं गच्च बुजवायचे. गाडी घरी आली की सावित्रीबाई जिंकलात का असं आधी विचारतच नसे. ती विचारायची, "खड्डे बुजवले का रे? कोन्या गाईचा पाय नको अडकाले." मग म्हणायची, "आता सांगा."

ती पोरं एकेक गाव जिंकत आली. आणि एक दिवस फुलचूरची मंडई उजाडली.

खेळ केशोरावांच्याच पडीत जागेवर होता, मोहाच्या झाडांपाशी. शालीकराम सकाळीच आम्हाला रोवत होता. तेवढ्यात सावित्रीबाई पूजेचं ताट घेऊन आली. डोक्यावर पदर, ताटात हळदकुंकू, झेंडूचं फूल, सूत.

"शालीकराम, पोट्टा कोन्या खांबापाशी उभा राहते?"

"इथंच बाई, या मोहाकडच्या. त्यायचं ठरलं हाये."

ते खांब म्हणजे मी आणि माझा जोडीदार. तिनं दोघांना पाणी शिंपडलं. मग माझ्यापाशी थांबून बोटभर कुंकू लावलं, सूत गुंडाळलं, आणि हात जोडून इतक्या हळू बोलली की शालीकरामलाही ऐकू गेलं नसेल.

"बा खांबा, तुह्या आत गेंद येऊ देऊ नोको. आलीच तं बाहीर लोटून दे. महादेवाले दिलेला माझा शब्द आज तुह्या हाती हाये."

डोंगरात असताना माझ्यावर पाखरांनी घरटी केली, माकडं लटकली. पण देवाच्या बरोबरीनं कोणी मला काही मागितलं नव्हतं.

दुपारी माणसांचा महापूर आला. रेल्वेवाले गोंदियाहून आले. सगळे धिप्पाड, कोळशात आणि लोखंडात काम करणारे. त्यांचा मनिराम पुढे खेळायचा आणि गोल राखायचा पुरनलाल, इंजिनांच्या शेडमधला फिटर. शिटी गोंदियाच्या शाळेतले ड्रिल मास्तर सेवकराम यांच्याकडे होती. केशोराव बाजेवर बसले होते. खेळात आपलं काही लक्ष नाही असं दाखवायला त्यांनी बाज अर्धी पाठमोरी ठेवायला लावली होती. पण मान सारखी वळत होती.

खेळ सुरू झाला. रेल्वेवाले लाटेसारखे आले. जागेश्वर डावीकडे झेपावला, उजवीकडे झेपावला, एकदा चेंडू पोटाशी धरून मातीत लोळला. एकदा मनिरामनं असा जोरात मारला की जागेश्वरची बोटं पोचली नाहीत. चेंडू माझ्या छातीवर आदळला आणि बाहेर गेला. बायकांच्या घोळक्यात सावित्रीबाईनं दोन्ही हात कपाळाला लावले. जरा वेळानं ईश्वरदासनं तिघांना चकवून पलीकडे गोल केला. मैदान नाचायला लागलं. केशोरावांनी बाज सरळ करून घेतली.

शिटी झाली. अर्धा खेळ संपला. पोरं ऊस चघळायला बसली. मग उठली, आणि सावित्रीबाईनं पाहिलं तर जागेश्वर मला पाठ करून पार पलीकडच्या टोकाला चालला होता. आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला तो रेल्वेचा पुरनलाल.

"वो शामकले," तिनं माहेरी आलेल्या लेकीला हलवलं, "तुहा भाऊ तिकडे कायले चालला?"

"बाजू बदलली न माय."

"कोनं बदलली?"

"कोनं म्हंजे? कायदाच हाये. अर्धा खेळ इकडे, अर्धा तिकडे."

सावित्रीबाई माझ्याकडे बघत राहिली. "पन मी तं कुंकू इकडे लावलं."

शामकलाला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तिनं तोंडात पदर कोंबला. प्रेमिला तर हसून हसून खालीच बसली. "झालं वो बाई. आता तुहा देव रेल्वेत नोकरीले लागला. जा, पुसून ये."

"लावलेलं कुंकू पुसत नाहीत," सावित्रीबाई म्हणाली. ती ताट उचलून उठली, आणि एवढ्या गर्दीतून, सगळे बघत असताना, रेघेच्या कडेकडेनं माझ्यापर्यंत आली.

पुरनलाल मला टेकून उभा होता. त्याच्या तळव्याला लाल लागलं होतं आणि तो ते बघत होता. "अम्मा, उधर हो जाइए, गेंद लगेगी," तो म्हणाला. मग ताट बघून थबकला. "यह आपने लगाया?"

"व्हय. माझ्या पोट्ट्यासाठी लावलं व्हतं."

"अब तो यहाँ मैं खड़ा हूँ."

सावित्रीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. वर चेहऱ्याकडे नाही, खाली, पायांकडे. टाचा कोळशानं काळ्या, भेगाळलेल्या. एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. तिचा सगळा जन्म एका पोराच्या पायांकडे बघण्यात गेला होता. पाय कसे बघायचे हे तिला येत होतं.

"तुही माय कुठं राहते बापू?"

"बिलासपुर. बहुत दिन हुए, जाना नहीं हुआ."

तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि तेच बोट माझ्यावर टेकवून म्हणाली, "बा खांबा, सकाळचं राहू दे. आता जो तुह्यापाशी उभा हाये, त्याचे पाय तुह्या पदरात."

पुरनलाल हसला. "अम्मा, पैर नहीं, गोल बचाने को बोलो."

"गोल तुहा तू पाह्य," ती म्हणाली. शिटी वाजली, आणि पलीकडे जायला तिला वेळच उरला नाही. ती माझ्या मागच्या मोहाखाली उभी राहिली. शामकला तिथंवर येऊन कुजबुजली, "माय, तू आमाले हरवशीन."

रेल्वेवाल्यांनी बरोबरी केली. मनिरामनं डोक्यानं मारलेला चेंडू जागेश्वरच्या हाताला लागून आत गेला. आता दोन्हीकडे एक एक. सूर्य मोहाच्या मागे उतरायला लागला. केशोराव बाजेवर उभे राहिले होते आणि आपण उभे आहोत हे त्यांना माहीत नव्हतं.

मग ईश्वरदास सुटला. एकाला टाकलं, दुसऱ्याला टाकलं, आणि सगळा जीव पायात आणून माझ्या बाजूच्या कोपऱ्यात मारला. पुरनलालनं उडी घेतली. चेंडू आला तो थेट माझ्यावर, आणि खाण्‌कन आदळून मैदानात परत गेला. कॉलेजवाल्यांचा गोल मी अडवला होता. पण ते कळायच्या आत पुरनलालचा पाय पूर्ण वेगानं माझ्यावर येऊन आदळला.

मी साजाच्या टणक लाकडाचा ओंडका असतो, तर त्याचं हाड तिथंच मोडलं असतं. मी बांबू. मी वाकलो. मुळाशी माती सुटली, अर्धा वर आलो आणि त्याच्यासोबत मागं गेलो. तरी तो केवढ्यानं ओरडला. गर्दीतून कोणी तरी ओरडलं, "पाय गेला रे पोट्ट्याचा."

ते शब्द मैदानभर गेले. पार त्या टोकाला जागेश्वरनं ते ऐकले. पाय जाणं म्हणजे काय, हे त्या मैदानावर त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तो आपला गोल सोडून धावत सुटला. कोणा रेल्वेवाल्यानं उलट तडकावलेला चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, तरी त्यानं वर पाहिलं नाही. मनिरामची पाठ आमच्याकडे होती. मागं काय झालं ते त्याला दिसलं नाही. त्याला समोर मोकळा गोल दिसला. त्यानं चेंडू आत टाकला. सेवकराम मास्तरांची नजरही चेंडूवरच होती. त्यांनी शिटी वाजवली. गोल झाला, आणि खेळाची वेळही तिथंच संपली.

जागेश्वर तोपर्यंत इकडे पोचला होता. पुरनलाल त्याच्याहून दांडगा. तरी त्यानं त्याला पाठुंगळी घेतलं, आणि मोहाखाली आणून उतरवलं. जागेश्वरचे पाय थरथरत होते, पण मुडपले नाहीत. सावित्रीबाई पाण्याचा गडवा घेऊन खाली बसली.

गर्दी बाजूला करत केशोराव आले. कोणाशी न बोलता त्यांनी पुरनलालचा पाय मांडीवर घेतला आणि दोन्ही अंगठ्यांनी नडगी वरपासून खालपर्यंत चाचपली.

"हाड साबूत हाये," ते म्हणाले. "सूज येईन. बाकी काही नाही."

मनिराम खजील होऊन उभा होता. "मास्टरजी, मैंने देखा नहीं था. वो गोल रहने दो."

"शिटी वाजली हाये," सेवकराम मास्तर म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. "दिलेला गोल परत नाही घेता येत."

ईश्वरदासनं मनिरामच्या खांद्यावर हात टाकला. "रहने दो भाई. हरलो आम्ही. खेळलो तं चांगलं न?"

मग जागेश्वर वडिलांसमोर येऊन उभा राहिला. अंगभर माती, डोळे खाली. "बाबाजी, हरलो. मी कबूल केलं व्हतं. आता गेंदेले पाय लावणार नाही."

सावित्रीबाईच्या हातातला गडवा तिथंच राहिला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला बोलायचं होतं, पण बोलून झालं होतं. जे बोलायचं ते तिनं फार पूर्वीच देवाजवळ बोलून ठेवलं होतं. केशोराव खाली मान घालून पुरनलालचा पाय चोळत होते. मग त्यांचे हात थांबले. त्यांनी मुलाचे पाय पाहिले. पोटऱ्या मातीनं माखलेल्या, अजून थरथरणाऱ्या. ज्या पायांना ते एके काळी रोज सकाळी आपल्या हातानं धरून उभं करत, ते पाय सगळं मैदान पळून आले होते आणि वर एक भरभक्कम माणूस उचलून उभे राहिले होते.

मैदानाच्या पलीकडे शालीकराम दोरी सोडून खांब उपटायच्या तयारीत होता.

"शालीकराम," केशोरावांनी हाक दिली, "खांब कायले काढून राहिला?"

"खेळ संपला न मालक. खड्डे बुजवायचे हायेत."

"राहू दे उभे. पुढच्या साली पुन्हा खणत बसशीन का? इकडचा हा एक वाकला हाये, तेवढा सरळ कर."

जागेश्वरनं मान वर केली. "म्हंजे, बाबाजी?"

"म्हंजे काय म्हंजे. याले घरी घेऊन चाल. मायले सांग, तेल कोमट कराले."

माय तिथंच होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि पुरनलालला म्हणाली, "चाल बापू. आज तू आमच्या घरी जेवशीन."

शालीकरामनं मला सरळ केलं आणि माझ्या मुळाशी माती दाबली. त्या दिवसापासून मी त्या पडीतात कितीतरी दिवाळ्या उभा राहिलो.

जागेश्वर वकील झाला, तरी दर मंडईला येऊन तो माझ्याजवळ उभा राहायचा. पुरनलाल बदली होईपर्यंत दर दिवाळीला फराळाला आला. एकदा तर आईला घेऊन आला, आणि दोघी म्हाताऱ्या माझ्यापाशी बसून शिंगाडे सोलत राहिल्या. मॅचच्या दिवशी सावित्रीबाई सकाळीच ताट घेऊन यायची. पण आता ती कोणत्या बाजूला कोण उभा राहणार हे विचारत नसे. चारही खांबांना कुंकू लावायची. "जो कोनी उभा राहीन, त्याचे पाय सांभाळ," एवढंच म्हणायची. तिचं बघून गावातल्या सुनाही लावायला लागल्या. आता तो फुलचूरचा रिवाजच होऊन बसला आहे.

मी म्हातारा झालो. मुळाशी वाळवी लागली तेव्हा शालीकरामनं माझा खालचा तुकडा कापून टाकला आणि माझ्या जागी दरेकशाहून नवा बांबू आणला. सावित्रीबाईनं मला चुलीत जाऊ दिलं नाही. आता मी तिच्या घरामागच्या बाडीत असतो. माझ्यावर वालाचा वेल चढला आहे. यंदा देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी पडीतात पोरांनी सकाळपासून फुटबॉल खेळला. मला इथून दिसलं नाही, पण आवाज आला. सावित्रीबाई वेल वर चढवताना थांबून ऐकत होती. तिचा हात माझ्यावर होता.

बायाबापड्यांनो, माझं एक मागणं आहे. तुमच्या घरातही कुणाचे तरी पाय बाहेर निघायला बघत असतील. कोणाचे शाळेकडे, कोणाचे परगावी, कोणाचे मैदानाकडे. तुमचा जीव भितो, मला ठाऊक आहे. भिऊ द्या त्याला. पण एकदा देवापुढं हात जोडून तिच्यासारखा नवस बोला, की हे पाय जिकडे जातील तिकडे जाऊ देईन, मी आडवी येणार नाही. आणि ताट घेऊन बाहेर पडाल तेव्हा कुंकू जरा जास्त घ्या. पलीकडच्या खांबापाशीही कोणाचं तरी लेकरू उभं असतं.